भाषाविज्ञानाकडे कोणी जावे?

विद्यापीठात कोणता विषय घ्यावयाचा हा प्रश्न तुमच्यापुढे येण्यास अद्याप काही वर्षांचा अवकाश आहे. तथापि त्या वेळी तुमच्यापैकी एखाद्याने किंवा एखादीने ‘मला भाषाविज्ञान शिकावयाचे आहे’ असे घरी सांगितले, तर कोणते प्रश्न विचारले जातील हे आजच सांगता येते. ‘तुला किती भाषा येतात?’ हा पहिला. ‘आणि पुढे पोटापाण्याचे काय?’ हा दुसरा. दुसरा प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर पुढे येईल. पहिला मात्र गैरसमजातून आलेला आहे, आणि तो गैरसमज खुद्द अर्ज करणाऱ्याच्या मनातही पुष्कळदा असतो. म्हणून त्याचा विचार आधी केला पाहिजे.

दहा भाषा बोलणारा मनुष्य भाषावैज्ञानिक असतोच असे नाही, आणि एकच भाषा बोलणारा भाषावैज्ञानिक होऊ शकत नाही असेही नाही. भाषाविज्ञान हे भाषा बोलण्याचे शास्त्र नव्हे. भाषा कशी घडते, कशी चालते व कशी बदलते हे शोधण्याचे शास्त्र आहे. या शोधाची सामग्री तर तुमच्या मुखातच आहे. ‘आमचा’ आणि ‘आमची’ हे दोन शब्द सावकाश उच्चारून पाहा. लिहिताना दोन्हींत एकच ‘च’ आहे. परंतु ‘आमचा’ म्हणताना जिभेचे टोक दातांच्या मागे टेकते आणि ‘आमची’ म्हणताना जिभेचा पसरट भाग टाळूकडे जातो. ‘तुझा’ आणि ‘तुझी’ यांतही हाच भेद आहे. पुढे ‘ई’ आली की जीभ आपली जागा बदलते, हे तुम्हांला कोणी शिकविले? गुरुजींनी नव्हे, आईनेही नव्हे. आईला तरी तो नियम शब्दांत कोठे सांगता येतो? आता जनावरांचा ‘चारा’ आणि अंकांतला ‘चार’ घ्या. येथे दोन्हींपुढे ‘आ’च आहे, तरीही उच्चार निराळे. म्हणजे वरचा नियम येथे पुरत नाही. तो कोठपर्यंत पुरतो आणि कोठे थांबतो हे तपासणे म्हणजेच या शास्त्राचा आरंभ.

घरात तीन-चार वर्षांचे भावंड असेल तर त्याच्या बोलण्याकडेही लक्ष द्या. ‘मी केले’ असे म्हणण्याऐवजी ते ‘मी करले’ असे म्हणेल, आणि आपण सारे हसू. वस्तुतः हसण्यासारखे त्यात काही नाही. ‘भर’चे ‘भरले’ होते, ‘चर’चे ‘चरले’ होते. मग ‘कर’चे ‘करले’ का होऊ नये? मोठ्या माणसांच्या तोंडून ‘करले’ त्याने ऐकलेले नसते. म्हणजे ते मूल ऐकलेलेच परत बोलत नाही, तर ऐकलेल्यातून नियम काढते. पाणिनीने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी जवळजवळ ४००० सूत्रांत संस्कृत भाषेचे नियम बांधले आणि जगाने त्याला थोर मानले. त्याच शक्तीचा एक लहानसा अंश तुमच्या घरात रांगोळी विस्कटत हिंडत असतो.

विद्यापीठाच्या प्रवेशासाठी ‘हा विषय का निवडला’ हे कोठे लिहून द्यावे लागते, कोठे मुलाखतीत सांगावे लागते. ‘मला मातृभाषेचा फार अभिमान आहे’ एवढेच उत्तर तेथे पुरेसे नाही. अभिमान बाळगणे वाईट नव्हे, परंतु वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी ‘मला फुले फार आवडतात’ एवढेच म्हणाला, तर परीक्षकाला त्याच्याविषयी काय कळणार? त्यापेक्षा ‘मी माझ्या आजीच्या बोलण्यात अमुक गोष्ट ऐकली आणि तिचे कारण मला सापडले नाही’ असे एक वाक्य अधिक मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला असे एकही वाक्य सुचत नाही, त्याने साहित्य शिकावे, परकी भाषा शिकावी. त्यात उणेपणा मुळीच नाही. भाषाविज्ञानात कविता थोड्या आणि कोष्टके फार, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

आजीच्या बोलण्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. वऱ्हाडातली आजी ‘काळा’ला ‘काया’ म्हणते, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते. शहरातल्या शाळेत मूल असे बोलले की त्याला ‘अशुद्ध बोलू नकोस’ असे दटावले जाते. पण नीट ऐका. ‘काळा’चे ‘काया’ होते. मात्र ‘काल’चे ‘काय’ कधीच होत नाही. ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील भेद वऱ्हाडी बोलणारा काटेकोरपणे पाळतो. फक्त ‘ळ’च्या जागी तो दुसरा ध्वनी योजतो. ज्यात इतका नियम आहे त्याला अशुद्ध म्हणणे हे अज्ञान होय. पुस्तकी मराठी शाळेत आलीच पाहिजे, तिच्यावाचून सर्वांचा व्यवहार चालणार नाही. परंतु जे मूल घरी ‘मले’ किंवा ‘माका’ म्हणते आणि शाळेत ‘मला’ म्हणते, त्याच्यापाशी तुलना करण्यास दोन रूपे आयतीच आहेत. शहरातल्या मुलाला ती शोधावी लागतात.

असा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८९४ ते १९२८ या काळात भारतातील भाषांची पाहणी केली, तेव्हा बायबलातील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट त्यांनी शेकडो बोलींत लिहवून घेतली. गोष्ट एकच असली म्हणजे भाषांमधील भेद लख्ख दिसतो. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हापासून तेथे भाषाविज्ञान शिकविले जाते, आणि कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तेथे एम. ए.साठी अर्ज करता येतो. गणिताचा पदवीधर या विषयात चांगला रमतो, याचे नवल वाटावयास नको.

आता पोटापाण्याचे. महाविद्यालयांत या विषयाच्या जागा थोड्या आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. शब्दकोशांचे काम आहे, भाषांतराचे आहे, आणि अलीकडे माणसाचे बोलणे समजणारी यंत्रे तयार करणाऱ्यांनाही भाषेचे जाणकार लागतात. परंतु श्रीमंत होण्याची वाट म्हणून कोणी हा विषय घेऊ नये.

काम मात्र पडून आहे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या आसपास निहाली नावाची भाषा बोलली जाते. ती बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. तिच्यात कोरकूचे शब्द पुष्कळ, द्राविडी आणि मराठीचेही शब्द आलेले. पण ते बाजूला काढले की जो गाभा उरतो, त्याचे नाते जगातील कोणत्याही भाषेशी अद्याप सिद्ध झालेले नाही. तिच्या घरांतील मुले इतर भाषांकडे वळत आहेत. ती शांत झाली तर हा प्रश्न सुटण्याची आशाही तिच्याबरोबर जाईल.

२०११च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषांची १९,५६९ नावे सांगितली. त्यांची छाननी व वर्गवारी होऊन दहा हजारांहून अधिक भाषिक असलेल्या १२१ भाषा नोंदल्या गेल्या. अर्जातही ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो, आणि सोयीचे म्हणून तेथे ‘मराठी’ लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. ज्याच्या घरी अहिराणी, कोरकू, गोंडी किंवा निहाली बोलतात, त्याने तेथे तेच नाव लिहावे. मुलाखतीत पहिला प्रश्न त्या भाषेवरच येण्याचा संभव आहे, आणि त्याचे उत्तर त्या खोलीत त्याच्याइतके चांगले दुसऱ्या कोणास बहुधा देता येणार नाही.