वेताळाचे कूट आणि सिल्व्हासातील मराठी

'छडीला आरोप चिकटला आणि झाडावर जाऊन लटकला. अक्षरे तीन.' हे कूट मीच रचले आहे. छडी म्हणजे वेत, आरोप म्हणजे आळ. दोहोंचा संधी केला की विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ उभा राहतो. दुसरे असे: 'जुन्या ओवीतला पण पंख लावून उडतो. अक्षरे दोन.' उत्तर, परी.

अद्भुतसृष्टीवरील असली कोडी म्हणजे पोरखेळ, असे मानणाऱ्यांनी महाभारत आठवावे. वारणावतास निघालेल्या युधिष्ठिराला विदुराने संकटाची सूचना कूट भाषेतच दिली. ती उमगली, म्हणून कुंतीसह पांडव लाक्षागृहातून वाचले.

लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' पत्रात 1926 पासून 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने अशी इंग्रजी कोडी येत असत. अक्षरांची उलटापालट हा त्या भाषेतल्या कोड्यांचा आवडता डाव. आपल्या लिपीत काना-मात्रा अक्षराला बिलगून असल्याने तो डाव तितकासा रंगत नाही. आपले बळ संधीत आणि श्लेषात आहे. परंतु त्यासाठी शब्द ठाऊक हवेत. 'आळ' आणि 'परी' ज्याने घरात ऐकलेच नाहीत, त्याला वेताळ कसा भेटणार?

हा प्रश्न मला सिल्व्हासातील मराठी घरांविषयी अधिक जाणवतो. आम्हां बडोदेकरांच्या मराठीला सयाजीरावांच्या राज्यात आश्रय लाभला. सिल्व्हासाच्या वाट्याला अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगीज अंमल आला. तो 2 ऑगस्ट 1954 रोजी सुटला, आणि त्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे उतरली होती. आज तेथे बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी कानी पडते. त्या भाषांशी आपला तंटा नाही. मात्र मराठी शब्दांची शिदोरी मुलांना घरातूनच मिळाली पाहिजे. नुसत्या उपदेशाने मुले कंटाळतात. वेताळ मात्र त्यांना हवासा वाटतो.

म्हणून सिल्व्हासातील मराठी कुटुंबांना माझी विनंती, की रात्रीच्या जेवणानंतर एक कूट घालावे. मुलाने अडखळावे, आजीला विचारावे, आणि आजीने त्या शब्दाची गोष्ट सांगावी. बडोदेकरांनीही मागे राहू नये. आरंभाला हे घ्या: 'माणूस आहे काय, असे संस्कृतात पुसताच स्वर्गात गाऊ लागतो. अक्षरे तीन.'