हलू नका!

फोटो काढताना ‘हलू नका’ असे ओरडण्यात माझे निम्मे आयुष्य गेले. मुंजी, बारशी, डोहाळजेवणे! मागे उभी माणसे, पुढे मांडी घालून बसलेली पोरे आणि कॅमेऱ्यामागे मी. गेल्या मे महिन्यात मुलाकडे पॅरिसला गेलो, तेव्हा मनाशी ठरवले की, इथे तरी रांगा लावायच्या नाहीत. काहीतरी निराळे करून पाहायचे.

हे निराळे मला लुई दागेर या फ्रेंच गृहस्थाने शिकवले. १८३८ साली त्याने पॅरिसमधल्या ‘बुलव्हार द्यु तांपल’ या रस्त्याचे छायाचित्र वरच्या खिडकीतून टिपले. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात ना घोडा, ना गाडी! त्या काळी चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. चालता माणूस एका जागी ठरेना, म्हणून उमटेना. उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एकजण, आणि त्याच्या पायाशी पॉलिशवाल्याची अंधूक आकृती. छायाचित्रात आलेला सर्वांत जुना माणूस तो हाच, असे मानतात. त्याचे नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही.

त्याच रस्त्याच्या तोंडाशी, प्लास द ला रिपब्लिकच्या चौकात, मी तिपाई मांडली. भिंगावर काळी काच चढवली. ही काच प्रकाश हजारपटीने कमी करते; म्हणजे जिथे सेकंदाचा तिसावा भाग पुरला असता, तिथे चांगली तीस सेकंदे झडप उघडी ठेवावी लागते. (मुलाच्या फोनमध्ये असले प्रकार बटण दाबून होतात म्हणे. पण तिपाई मांडल्याशिवाय आपण काही केले असे मला वाटत नाही!) सौभाग्यवतींना चौकात उभे केले. अर्धा मिनिट गप्प उभे राहणे हा त्यांचा स्वभाव नव्हे. चित्रात त्यांच्या जांभळ्या साडीचा धूर तेवढा आला. आजूबाजूची शेकडो माणसे पुसली गेली आणि बाकावर डुलकी घेणारे एक आजोबा स्पष्ट उमटले. मी खूष, घरी जेवताना कुणी बोलले नाही!

नवरात्रात कोळवणला गेलो. पौड मागे पडले की वाळकीच्या खोऱ्यात भाताची खाचरे सुरू होतात; ती पिवळी पडू लागली होती. आमच्या जुन्या घरात धाकटी काकू एकटीच राहते. तिला मोठ्या कौतुकाने पॅरिसचे फोटो दाखवले. तिने चष्मा वर-खाली केला.

“एवढं मोठं गाव, अन् माणूस न्हाई? पटकी आली व्हती का काय?”

मी हसलो. मग भिंतीकडे लक्ष गेले. आजोबा होते, काका होते, माझ्या मुंजीचा मोठा फोटो होता. काकू कुठेच नव्हती. मुंजीचा तो फोटो निघाला तेव्हा ती आत पन्नास माणसांच्या पानांचे बघत होती. आम्ही कुणी तिला हाकही मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. उजेड दारातून येईल तेवढाच. मी तिपाई उंबऱ्याशी ठेवली आणि एक सेकंद झडप उघडली. काहीही बोललो नाही. चित्रात चुलीचा जाळ आला, खाली वळलेला चेहरा बऱ्यापैकी आला. हातांच्या जागी परातीवर पिठासारखे पांढुरके धुके.

तिने ते पाहिले. “बरं हाय,” म्हणाली. मग पदर सारखा केला आणि भिंतीला टेकून बसली. “आता एक नीट काढ. माझ्यामागं फोटू कुठं धुंडाळत बसाल?”

माझा हात कापला. तरी सवयीने तोंडून निघालेच, “काकू, हलू नको.”

पुण्याहून दोन्हींच्या प्रती करून नेऊन दिल्या. नीट काढलेला तिने लुगड्याच्या घडीत घालून ट्रंकेत ठेवला. दुसरा मात्र फळीवर, मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला. शेजारीण ताक न्यायला आली, तिने तो हातात घेऊन निरखला.

“अगं, तुझं हात कुठं हायेत यात?”

“कामात हायेत,” काकू म्हणाली, आणि ताक ओतू लागली.