पाच मिनिटांचं काम

चवथीच्या सुट्टीत घरी गेले की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. माटोळी बांधताना बाबा आणि काकांचं भांडण, आणि माझ्या मावसभावाच्या गाडीचं काहीतरी नवीन प्रकरण. यंदा भांडण झालं नाही. प्रकरण मात्र झालं, आणि त्यावर घरात सगळे हसले. मला हसू आलं नाही. का आलं नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

गाडी आहे जुनी सॅन स्टॉर्म. आमच्या वर्गातल्या पुष्कळांनी हे नावही ऐकलं नसेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आपल्या गोव्यात बनायला लागलेली दोन सीटची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनॉचं, बाराशे सीसीच्या आतलं. म्हणजे पळायला फार नव्हती, दिसायला होती. दादाने ती कोणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली पडलेली बघितली, आणि तिथेच त्याचा जीव जडला. घेऊन आला. मुळातच बुटकी गाडी, पण त्याला ती आणखी खाली आणायची होती: आखूड स्प्रिंगा आणि जरा जाड सायलेन्सर. गाडीत मनाला येईल तसे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचना बदलण्याबद्दल स्पष्ट सांगितलंय. त्यावर दादाशी वाद घालून मी दमले. तो आजचा विषय नाही.

विषय असा, की ती गाडी उचलायची कशी.

बुटक्या गाडीची गंमत अशी, की तिच्याखाली जायचं तर ती उंच करावी लागते, आणि उंच करायला जॅक लावावा तर जॅकच खाली जात नाही. गॅरेजमधला साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली केला तरी साधारण 13 सेंटिमीटर उंच असतो. स्टॉर्मचा पुढचा ओठ त्याच्याही खाली. बुटक्या गाड्यांसाठी आठ-नऊ सेंटिमीटरचे जॅक मिळतात, पण ते कोणाकडे असतात? मग दादाने काय केलं? डिकीतला कात्री जॅक काढला, जो पंक्चर झाल्यावर चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. तो बाजूने लावून फिरवत फिरवत गाडीचा पुढचा भाग उचलला. आणि 'सेफ्टी' म्हणून खाली ठेवला एक चिरा.

होय, चिरा. कुंपणाचं काम झाल्यावर उरलेला, लाल, भोकाभोकांचा.

आपल्याकडे चिऱ्यावर केवढा विश्वास! घर चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची, तुळशीवृंदावन चिऱ्याचं. आणि ते बरोबरच आहे, कारण भिंतीत चिऱ्यावरचं वजन सगळीकडे सारखं पसरतं. गाडीची चौकट तशी बसत नाही. ती लोखंडाच्या एका अरुंद धारेवर टेकते, आणि सगळा भार तेवढ्याच जागेत दाबला जातो. चिरा सच्छिद्र असतो. तो वाकून इशारा देत नाही, फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. चांगलं जाड लाकूड निदान करकरतं तरी.

दादा अर्धा आत. पाय बाहेर, डोकं आणि छाती आत. मी बाल्कांवमध्ये बसून नारळ खवत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. हे मला मुद्दाम नोंदवायचंय. समोरच्या घरातले मेस्त पाव घेऊन परत येत होते. (त्यांचं खरं नाव वाड्यावर कोणी घेत नाही. चाळीसेक वर्षं त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या, ते सगळ्यांचे मेस्त.) त्यांनी गेटातूनच आरोळी दिली, "आरे पुता, पयलीं भायर यो!"

दादा आतूनच म्हणाला, "मेस्त, पाच मिनिटांचं काम."

मेस्तांनी पावाची पिशवी जमिनीवर ठेवली आणि दादाचे दोन्ही पाय धरून त्याला सरळ बाहेर ओढला. तीस वर्षांच्या माणसाला! दादा चिडला. मेस्त काही बोलले नाहीत. त्याला बाजूला उभं केलं, आणि गाडीच्या दाराजवळ तळहात टेकवून ढकललं. धक्का नव्हे, कपाटाचं दार लावताना लावतो तेवढा जोर. कात्री जॅक तिरका झाला, गाडी चिऱ्यावर आली, चिऱ्याचे तीन तुकडे झाले आणि पुढची चौकट जमिनीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबली. तीही थांबली ती चाक अजून काढलं नव्हतं म्हणून.

त्या संध्याकाळी आरतीनंतर ही गोष्ट सगळ्या पाहुण्यांना सांगण्यात आली, विनोद म्हणून. मेस्तांनी पाय धरून ओढलं, त्याची नक्कल झाली. मावशीने देवाला एक नारळ जास्त वाहिला. पुढच्या रविवारी दादा पुन्हा गाडीखाली जाणार होता, आणि कशाच्या आधाराने जाणार, हे कोणी एकानेही विचारलं नाही. माझा आक्षेप इथे आहे.

लहान गाडीचंही वजन सात-आठशे किलोच्या घरात जातं. पुढचं टोक उचललं तर त्यातला मोठा वाटा जॅकवर. तो छातीवर आला तर हाडं मोडायचीही गरज नाही. छाती फुलली नाही की श्वास घेता येत नाही, आणि ओरडायलाही श्वासच लागतो. बाल्कांवमधल्या बहिणीला काही कळणारसुद्धा नाही. आपल्या घरांत मुलगा बाईक जोरात हाणतो म्हणून रोज कटकट होते, आणि ती व्हावीच. पण गाडी उभी असली की ती निरुपद्रवी, असं आपण धरून चालतो.

दुसरी गोष्ट 'जुगाड' या शब्दाची. या शब्दाचं आपण इतकं कौतुक केलंय की साधनं नसणं हीच हुशारी वाटायला लागलीय. वायपरला रबरबँड लावा, आरसा चिकटवा, माझं काही म्हणणं नाही. ज्याच्याखाली डोकं घालायचंय तिथे जुगाड नको. आणि गरिबीचं कारण तर मी मुळीच ऐकणार नाही. दादाने चाकांवर खर्च केलाय, स्टिअरिंगच्या कव्हरवर केलाय. स्टँडची जोडी त्याच्या एका अलॉय चाकापेक्षा स्वस्त पडते. पण स्टँड फोटोत दिसत नाही ना!

मेस्तांनी नंतर त्याला बसवून सगळं समजावलं. मी शेजारी बसून ऐकलं, दोन-तीनदा मुद्दाम विचारलंही. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मला कळलं म्हणजे कोणालाही कळेल.

पहिलं सूत्र: जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. चांगल्यातला चांगला ट्रॉली जॅक घेतला तरी गाडी आत कोंडलेल्या तेलावर उभी असते. लहान दट्ट्याने तेल दाबायचं, मोठा दट्ट्या वर जातो. तत्त्व पास्कलचं, आणि जोसेफ ब्रामाने त्यावरून दाबयंत्र बनवून 1795 मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलं. युक्ती अजब आहे, पण ते तेल अडवून धरते एक छोटी रबरी कडी. ती झिजली की गाडी खाली. कधी हळूहळू, कधी नाही. म्हणून जॅकने उचलायचं आणि लगेच लोखंडी स्टँडवर बसवायचं. हा स्टँड म्हणजे सुताराकडे घोडी असते तसा, तीन-चार पायांचा, मध्ये वरखाली होणारा दांडा. दोन्ही बाजूंना एकेक, सारख्या उंचीवर. दांड्याचा खटका पूर्ण बसलाय का, ते हाताने बघायचं. अडकवायची पिन असलेला असेल तर आणखी बरा. कारण स्टँडही देव नव्हे: 2020 मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानांच्या साखळीने आपले लाखो स्टँड परत मागवले होते, खटका सुटत होता म्हणून, आणि बदली दिलेल्यांपैकी काहींच्या जोडणीत दोष निघाल्यावर तेही परत घ्यावे लागले. म्हणून मेस्त काढलेलं चाकही गाडीच्या चौकटीखाली आडवं सरकवून ठेवतात. सगळं फसलं तर गाडी चाकावर थांबेल, माणसावर नाही.

जॅक खाली जात नाही, त्यावर उपाय किती सोपा! चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या, टायरपेक्षा रुंद अशा दोन फळ्या घ्यायच्या, एक टोक तासून उतरतं करायचं, आणि गाडीची पुढची चाकं हळूच त्यावर चढवायची. तेवढ्याने जॅकला वाट मिळते. मग मधल्या मजबूत आडव्या पट्टीखाली जॅक. ऑइलच्या टाकीखाली नाही, आणि स्टॉर्मसारख्या गाडीच्या फायबरच्या कडेखाली तर अजिबात नाही, ती पापडासारखी तडकेल. वजन घ्यायचं ते आतल्या लोखंडी चौकटीने. आपल्याकडे त्यात एक जादा भानगड आहे, खारी हवा. वरून रंग चकचकीत आणि आतून पत्रा चाळणी, अशा गाड्या किनाऱ्याच्या गावांत किती तरी. म्हणून जिथे जॅक किंवा स्टँड टेकणार ती जागा आधी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघायची. टोक आत गेलं तर त्या दिवशी गाडी उचलायचीच नाही.

जमीन हा पुढचा मुद्दा, आणि पावसाळ्यात सगळ्यात महत्त्वाचा. भाद्रपदात आमच्या अंगणातली माती आतून ओलीच असते. पेव्हर घातले म्हणून ती घट्ट होत नाही. आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती: ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, त्यामुळे जॅक थोडा सरकतो, आणि तो सरकलाच पाहिजे. पेव्हरच्या फटीत त्याचं चाक अडकलं तर जॅकऐवजी गाडी ओढली जाते. म्हणून सपाट काँक्रीट असेल तरच. दादाने शेवटी काम आमच्या अंगणातून हलवून काकांच्या गाडीखान्यात नेलं.

जी चाकं जमिनीवर राहतात त्यांना पुढून-मागून पाचर. नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर राहू नये, कारण तो बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो. मागचीच चाकं हवेत असतील तर तो कोणाला धरणार? चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. गंजलेल्या बोल्टवर सगळी ताकद लावायची वेळ आली, आणि आपल्याकडे सायलेन्सरचे बोल्ट गंजलेलेच असतात, तर आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर वाट बघायची. खाली पडून आडवा हिसका दिला की तो हिसका स्टँडलाही बसतो. स्प्रिंगा तर घरी काढूच नयेत, असं माझं मत. दाबलेल्या स्प्रिंगेत जी ताकद कोंडलेली असते ती दाबयंत्राशिवाय सोडायला जाणं म्हणजे दुसरंच संकट. मेस्त म्हणाले, "ते गॅरेजमध्ये." दादाने ऐकलं.

आणि खाली जाण्याआधी तळहाताने ती ढकल. तशीच, सगळ्यांसमोर. गाडी हलली तर ती माणूस बाहेर असताना हलू दे.

आपल्या मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं संपादकांनी विचारलं होतं. मी म्हटलं, गाडीबरोबर मिळणारं पुस्तक इंग्रजीत असतं आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोणी बाहेर काढत नाही. मेस्त जे बोलतात ते कोणी लिहून घेत नाही. आपण मराठीत पावसावर आणि मैत्रीवर दर वर्षी लिहितो (मीही लिहिलंय, मागच्या अंकात). निदान एक पान अशा गोष्टीला द्यायला काय हरकत आहे? आपल्या आवारात दुपारी उभ्या असतात त्या गाड्या बघा, निम्म्या तरी खाली आणलेल्या आहेत. त्या कोणी तरी, कुठल्या तरी अंगणात, कशावर तरी टेकवूनच खाली आणल्या असतील.

दादाचा सायलेन्सर अजून बसलेला नाही. एक बोल्ट तुटला, तो काढायचाय. स्टँडची जोडी मात्र आली आहे, दोन टनी, पिनवाली. पैसे मावशीने दिले, कुरकुर करत. दादा गाडीखाली असला की मावशी किंवा मी तिथे खुर्ची टाकून बसतो; माझी एका पेपरची तयारी तिथेच झाली. वाड्यावर कोणालाही जोडी लागली तर घेऊन जावी, विचारायचीही गरज नाही, गाडीखान्याच्या दाराआड ठेवलेली असते. परत आणताना तेवढी माती पुसून आणा.