परक्या शब्दांचें टोंक

दवाखान्यांतून रुग्णाच्या नातेवाइकांच्या हातीं पडणाऱ्या कागदावर 'ॲक्यूट' हा शब्द दिसला कीं घरांत रडारड सुरू होते, आणि 'क्रॉनिक' हा शब्द दिसला कीं रोग आतां हाताबाहेर गेला असें समजून मंडळी हात टेकतात. वस्तुतः रोगी बरा होणार कीं नाहीं, ह्याविषयीं ह्या दोन शब्दांत एक अक्षरही नाहीं. जो रोग एकाएकीं उद्भवतो आणि थोड्या काळांत आपला निकाल लावून मोकळा होतो तो पहिला. जो महिनेच्या महिने रेंगाळतो तो दुसरा. साधें पडसेंदेखील पहिल्या वर्गांत मोडतें, आणि पडशासाठीं मृत्युपत्र करून ठेवणारा पक्षकार आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. परंतु डॉक्टर उलगडून सांगत नाहींत, नातेवाईक विचारण्यास संकोचतात, आणि एका परक्या शब्दाच्या टोंकानें घरचें घर घायाळ होतें.

हें टोंक मुळांत सुईचें आहे. लॅटिन भाषेंत सुईला 'आकुस' म्हणतात. धार लावणें ह्या अर्थाचें क्रियापद 'आकुएरे' आणि धार लावलेला तो 'आकूतुस'. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत केल्सस नामक रोमन ग्रंथकारानें रोगांचे 'तीक्ष्ण' व 'दीर्घ' असे वर्ग सांगितले. पैकीं पहिल्यासाठीं त्यानें हाच शब्द योजिला. ही विभागणी मूळची ग्रीक वैद्यांची. परंतु रोमन मनुष्यानें ग्रीकांचा शब्द जसाच्या तसा उचलून आपल्या लोकांच्या माथीं मारला नाहीं. घरांतल्याच धारेचा त्यानें वैद्यकीय शब्द बनविला, ही गोष्ट आमच्या विद्वानांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आमच्या आयुर्वेदांत 'नवज्वर' आणि 'जीर्णज्वर' अशी जोडी पूर्वींपासून आहे. तिच्यांत काळाचा अर्थ उघड आहे. हल्लीं रूढ झालेल्या 'तीव्र' ह्या शब्दांत मात्र रोगाचा जोर तेवढा दिसतो, त्याची मुदत दिसत नाहीं. म्हणून 'तीव्र' म्हणजे भयंकर असाच अर्थ लोक घेतात आणि मूळचा घोटाळा मराठींतही तसाच राहतो.

ह्या सुईच्या घराण्याचा विस्तार पाहिला म्हणजे मौज वाटते. 'ॲक्युमेन' म्हणजे बुद्धीची धार. आम्ही तिच्यासाठीं दर्भाचें टोंक घेतलें व 'कुशाग्र' म्हटलें. जिभेला जें टोंचतें तें आंबट, ह्या न्यायानें त्याच कुळांतून 'ॲसिड' निघाला. फारशी लोकांनींही नेमकें हेंच केलें: 'तेज' म्हणजे तीक्ष्ण आणि 'आब' म्हणजे पाणी, मिळून 'तेजाब'. मनुष्याच्या बोलण्यांतील जहाल आंबटपणा तो 'ॲक्रिमनी'. भाऊबंदकीच्या दाव्यांत तो किती मुरतो हें कोर्टाची पायरी चढलेल्या वाचकांस सांगावयास नको. फ्रेंचांच्या तोंडीं तीक्ष्ण व आंबट ह्या अर्थीं 'एग्र' हें रूप झालें. त्यांतून इंग्रजीचा उत्कंठावाचक 'ईगर' आला, आणि आंबलेल्या मद्याचा 'व्हिनेगर' आला. तोच पोर्तुगीजांच्या तोंडून 'विनाग्र' होऊन गोव्याच्या स्वयंपाकघरांत शिरला व तेथें माडाच्या रसाशीं त्याची सोयरीक जमली. हिवतापाला जुन्या इंग्रजींत 'एग्यू' म्हणत, तोही मूळचा फ्रेंच 'तीक्ष्ण ताप'. त्यांतला ताप गळून गेला आणि नुसती तीक्ष्णता उरली. सर्वांत गमतीचा तो 'क्यूट'. 'ॲक्यूट' ह्याचाच अठराव्या शतकांत शेंडा छाटून झालेला हा शब्द. प्रथम त्याचा अर्थ चलाख, धूर्त असा होता, आणि पुढें अमेरिकेंत तो गोजिरवाणा झाला. ज्या एका शब्दानें आपण तान्ह्या बाळाचें कौतुक करतों त्याच्याच थोरल्या भावानें दवाखान्यांत घाबरून जातों!

तथापि नुसत्या ध्वनीवर भिस्त ठेवून चालत नाहीं. काटेकोर ह्या अर्थाचा 'ॲक्युरेट' हा शब्द सुईचा नव्हे. तो काळजी ह्या अर्थाच्या 'कुरा' पासून निघाला. आरोप करणें ह्या अर्थाचा 'ॲक्यूज' हाही ह्या कुळांतला नव्हे. आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहिलेल्यास तो कितीही टोंचला तरी!

आतां कोणी विचारील कीं रोमच्या सुईशीं आमचें नातें काय? नातें रक्ताचें आहे. भाषाशास्त्रज्ञांनीं निश्चित केलेला जो मूळ धातु, त्याचाच संस्कृतांतील वंशज 'अश्रि', म्हणजे धार, कड, कोपरा. चार कडांचा तो 'चतुरश्र', आणि तोच झिजून आमचा 'चौरस' झाला. इंग्रजांचा 'एज' हाही त्यांतलाच. म्हणजे ज्या मुलाला 'ॲक्यूट अँगल' म्हणतांना घाम फुटतो त्याच्या वहींतल्या चौरसांत तोच धातु निमूटपणें बसलेला असतो. तीक्ष्ण करणें ह्या अर्थाचा आमचा 'तिज्' धातु घ्या. 'तीक्ष्ण', 'तेज', 'उत्तेजन' हे त्याचे शब्द. लॅटिनमधील पराणी टोंचणें ह्या अर्थाचा त्याचा भाऊबंद इंग्रजींत 'इन्स्टिगेट' होऊन आला, आणि १८६० च्या दंडसंहितेच्या १०७ व्या कलमांत अपराधाची चिथावणी म्हणून बसला. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली व कलमाचा आंकडा ४५ झाला, तरी पराणी तीच आहे.

मराठी परिभाषेची थट्टा करणारांचा एक ठराविक आक्षेप असा कीं आपले शब्द शास्त्रशुद्ध नसतात, म्हणून इंग्रजीच बरे. ह्यास उत्तर 'ऑक्सिजन' हें आहे. ग्रीक भाषेंतील तीक्ष्ण, आंबट ह्या अर्थाच्या शब्दावरून लाव्हाझिए ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें नांव पाडलें, कारण प्रत्येक आम्लांत हा वायु असलाच पाहिजे अशी त्याची समजूत होती. १८१० च्या सुमारास इंग्लंडांत डेव्हीनें ती समजूत खोटी ठरविली. नांव मात्र राहिलें, आणि त्यामुळें रसायनशास्त्राचें कांहींएक अडलें नाहीं. आमचा 'प्राणवायु' त्या मानानें खरा तरी आहे. 'ॲक्यूट' कोनाला 'लघुकोन' म्हटल्यानें त्याची धार गेली अशी तक्रार व्यर्थ आहे. कोन काटकोनाहून लहान आहे एवढें मुलाला कळलें कीं शब्दानें आपलें काम केलें. शब्द वापरानें मुरतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें 'राज्यव्यवहारकोश' झाला तेव्हां त्यांतलेही कित्येक शब्द कारकुनांच्या कानांस खटकलेच असतील.

आमचा रोष इंग्रजी शब्दांवर नाहीं. न समजतां त्यांस शरण जाण्यावर आहे. १९६० सालीं राज्यानें भाषा संचालनालय स्थापन केलें, परिभाषाकोश छापले, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा मानही मिळाला. तरी रुग्णाच्या कागदावर 'रोग अचानक उद्भवलेला, अल्पकाळाचा' एवढे चार मराठी शब्द लिहिण्यास कोणाचा हात धजत नाहीं, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें. सरकारी रुग्णालयांत तरी ही सक्ति व्हावी. नगरपालिकांत निवडून गेलेल्या व्यापारी मंडळींनीं आपल्या दवाखान्यांपुरता असा ठराव आणावा. विरोध करणारास कारण सांगणें जड जाईल.

शाळांची गोष्ट तर ह्याहून सोपी आहे. सेमी-इंग्रजी वर्गांत मुलें गणिताचे व शास्त्राचे शब्द पोपटासारखे घोकतात, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरतात. शिक्षकानें फळ्यावर चौरस काढतांना त्याच्या कडेवर बोट ठेवून 'अश्रि', 'एज' आणि 'ॲक्यूट' हीं एकाच घरचीं भावंडें आहेत असें सांगितलें, तर त्यास चार मिनिटें पुरतात. आणि त्यासाठीं नवी समिति, नवें खातें किंवा नवें अनुदान ह्यांपैकीं कशाचीच वाट पाहावी लागत नाहीं.