कोणता स्कोअर पाठवू?

रविवारची सकाळ. बोरिवलीतलं आमचं वन-बीएचके. टेबलावर पोह्यांची रिकामी डिश, लॅपटॉप आणि स्क्रीनवर माझे जीआरईचे दोन स्कोअर.

पहिला : व्हर्बल १५९, क्वांट १४६. दोन महिन्यांनंतरचा दुसरा : व्हर्बल १५४, क्वांट १५५. बेरीज ३०५ आणि ३०९. पत्रकारितेत मास्टर्स करायला अमेरिकेत जायचंय. यातला कोणता पाठवू?

माझा पहिला फंडा सॉलिड होता. पहिल्यातलं व्हर्बल, दुसऱ्यातलं क्वांट, झाले की ३१४! आम्ही 'बेस्ट फाइव्ह'वाली पिढी. दहावीला सहापैकी सगळ्यांत वाईट विषय टक्केवारीतून अलगद गळला आणि घरी पेढे आले. जीआरईत तसं चालत नाही. २०१२ पर्यंत गेल्या पाच वर्षांतले सगळे स्कोअर जायचे. मग 'स्कोअरसिलेक्ट' आलं. हव्या त्या दिवसाचा स्कोअर पाठवा, पण तो दिवस अख्खा जाणार : व्हर्बल, क्वांट, रायटिंग, सगळं. न पाठवलेल्या दिवसाचा विद्यापीठाला पत्ता लागत नाही.

"पत्ता लागत नाही म्हणजे?" बाबांनी पेपर खाली केला. बँकेतून रिटायर झालेला माणूस! "दोन्ही पाठव. लपवायचं कशाला?"

किचनमधून आई म्हणाली, "तुम्ही बी.कॉम. दुसऱ्या अटेम्प्टला सुटलात, ते मला बघायला आलात तेव्हा सांगितलं होतंत का?"

पेपर परत वर गेला.

प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. मी लपवतेय का? फॉर्मने सगळे अटेम्प्ट विचारले असते, तर खोटं लिहिलं नसतं. पण निवडायची मुभा परीक्षेनेच दिलीय. एडिटरला सॅम्पल पाठवताना फसलेले लेख कोण पाठवतं?

आता खरी गंमत. माझं बोट सारखं ३०९ वर जात होतं. का? कारण ते १५५ मी बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने गणितं सोडवून कमावले होते. मग कळलं, हा स्कोअर मला विद्यापीठाला नाही, नववीच्या गणिताच्या बाईंना पाठवायचा होता! "तुझ्याच्याने गणित होणार नाही" म्हणालेल्या बाईंना.

घाटकोपरची माझी मैत्रीण डेटा सायन्सला अप्लाय करतेय. तिने डोळे मिटून ज्यात क्वांट जास्त, तोच पाठवला. बरोबरच आहे. माझे प्राध्यापक वाचणार माझं लिखाण. त्यांना व्हर्बल आणि रायटिंग बघायचंय. म्हणजे माझ्यासाठी कमी बेरजेचा स्कोअरच जास्त चांगला. बेरीज नातेवाइकांना सांगायला असते.

आणि तिसरा पर्यायही आहे : पाठवूच नका. २०२० नंतर बऱ्याच अमेरिकी विभागांनी जीआरई ऐच्छिक केली, काहींनी काढूनच टाकली. माझ्या यादीत एक ऐच्छिकवालं आहे. तिथे मी फक्त लेख पाठवतेय.

एक चूक मात्र तुम्ही करू नका. परीक्षेच्या दिवशी चार विद्यापीठांना स्कोअर फुकट पाठवता येतो. व्हर्बल-क्वांटचे आकडे स्क्रीनवर आले की तिथेच ठरवायचं : आजचा की आत्तापर्यंतचे सगळे. जुन्यांतला हवा तो निवडायची सोय नंतर, आणि तेव्हा प्रत्येक रिपोर्टला डॉलर मोजायचे. मी दोन्ही वेळा "नंतर बघू" म्हणून उठले. आता मोजतेय! तेव्हा यादी आणि प्रत्येक विभागाची अट पाठ करूनच सेंटरवर जा.

शेवटी ३०५ पाठवला. बाबा चष्म्यावरून बघत होते. "मग तो गणितवाला?"

"तो घरीच राहील."

त्यांनी प्रिंटआउट मागून घेतला, नीट दुमडला आणि कपाटातल्या फाइलमध्ये, माझ्या दहावीच्या मार्कशीटच्या वर ठेवला.