राउटर घरात, किल्ली कंपनीकडे

घरच्या वायफायवर मुलांसाठी फिल्टर बसवणं अर्ध्या तासाचंही काम नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता देणाऱ्या सर्व्हरच्या, दोन रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ भरायचं. क्लाउडफ्लेअरने २०२० पासून ही सेवा फुकट दिली आहे. अश्लील किंवा घातक साइटचा पत्ता विचारला, की हा सर्व्हर खरा पत्ता देतच नाही. टीव्ही, टॅब, पाहुण्यांचा फोन, सगळ्यांना एकदम लागू.

आता करायला जा. डीएनएसचे रकाने करडे, बोट ठेवलं तरी हलत नाहीत. ते उघडायचा अ‍ॅडमिन पासवर्ड ब्रॉडबँड कंपनी देत नाही. मी मागितला. कस्टमर केअरचं उत्तर, "सर, सिक्युरिटीसाठी देता येत नाही." जोडणीवाला म्हणाला, "साहेब, ते वरूनच लॉक असतं." कोणाची सिक्युरिटी? बिल मी भरतो, मुलं माझी, आणि माझ्या उंबऱ्याच्या आत काय यावं हे ठरवणार कंपनी!

२०१५ साली सरकारने एका आदेशात ८५७ साइट बंद करायला सांगितल्या आणि ओरड होताच काही दिवसांत माघार घेतली. अख्ख्या देशासाठी काय बंद ठेवायचं हे दिल्लीत बसून ठरवायला निघतात, पण बापाला स्वतःच्या घरापुरतं ठरवायचं तर रकाना गोठलेला. हा संताप आणणारा उलटा न्याय आहे.

काही शहाणे सांगतात, "पोरं मोबाइल डेटावर बघतीलच." बघतील. इन्स्टाग्रामची रील डीएनएसला गाळता येत नाही, ब्राउझरमधला सुरक्षित डीएनएस चालू असेल तर तोही फिल्टरला बगल देऊ शकतो. पण आठ वर्षांचं पोर बगल शोधत नसतं, कार्टून शोधताना चुकीच्या दुव्यावर पडतं. त्याच्यासाठी हे कुंपण आहे. आणि घालायचं तर नीट घाला: दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ सारखा फिल्टर नसलेला पत्ता तसाच राहिला किंवा आयपीव्ही६ चा डीएनएस पत्ता बदलला नाही, तर सगळं तिथून गळतं.

तूर्त मार्ग एकच. स्वतःचा राउटर विकत घ्या, कंपनीच्या डब्यामागे जोडा, फिल्टर त्यात भरा आणि कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा. तेही बंद करू देत नसतील, तर लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. दूरसंचार नियामक ट्रायकडे माझी मागणी एवढीच, की जोडणीच्या दिवशीच अ‍ॅडमिन पासवर्ड ग्राहकाला देणं कंपन्यांना बंधनकारक करा.