काशीच्या कला भवनाविषयी माननीय कुलगुरूंस खुले पत्र

माननीय कुलगुरू महोदय,
काशी हिंदू विश्वविद्यालय, वाराणसी



आपल्या विश्वविद्यालयाच्या आवारातील भारत कला भवनाविषयी एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. 1920 साली राय कृष्णदासांनी ज्या संस्थेचा पाया घातला, जिचे अध्यक्षपद रवींद्रनाथांनी स्वीकारले आणि जी 1950 साली विश्वविद्यालयाच्या स्वाधीन झाली, ती संस्था म्हणजे एका रसिकाने आयुष्यभर जमविलेला ठेवा केवळ विश्वासाच्या बळावर विद्येच्या हवाली केल्याचे विरळा उदाहरण होय.

तेथील गुप्तकालीन कार्तिकेय ज्याने पाहिला, त्याला मूर्तिकला म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. मयूरावर आरूढ झालेल्या त्या कुमाराचे पाय पक्ष्याच्या मानेवरून दोन्ही बाजूंस सुटलेले आहेत आणि मागे फुललेला पिसारा हीच त्याची प्रभावळ झाली आहे. वाहन आणि देवता यांना एकाच आकृतीत इतक्या सहजतेने गुंफणारा तो अनामिक शिल्पी कोणत्याही युगात थोरच ठरला असता. बकरिया कुंडावरचा गोवर्धनधारी कृष्णही त्याच तोलाचा, आणि तो तर खुद्द काशीच्याच भूमीतला.

परंतु माझे मन अधिक गुंतते ते राजघाटच्या मातीच्या मुद्रांत. 1940 च्या सुमारास काशी स्थानकाच्या विस्तारासाठी रेल्वेने तेथे खोदकाम केले, तेव्हा प्राचीन नगरीचे अवशेष उघडे पडले आणि त्यांतील पुष्कळ वस्तू कला भवनात आल्या. राजघाटच्या मुद्रांपैकी काहींवर वाराणसीच्या नगर-अधिकरणाचे नाव कोरलेले आढळले. मोडी दफ्तरांतल्या शिक्कामोर्तबाला सरावलेल्या मराठी माणसाला, गुप्तकाळातल्या एका कचेरीचा शिक्का समोर पाहताना जो आनंद होतो, तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

आता विनंती. अहल्याबाईंनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, भोसल्यांनी आणि शिंद्यांनी घाट बांधले, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या परिसरात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्या काशीस आजही आमचे यात्रेकरू मोठ्या श्रद्धेने जातात आणि आपल्या आवारातील नव्या विश्वनाथ मंदिराचेही दर्शन घेतात. त्या मंदिराच्या प्रांगणात कला भवनाचा मार्ग दाखविणारा ठळक फलक असावा, आणि राजघाट व बकरिया कुंड येथील वस्तूंची हकीकत सांगणारी, अल्प किमतीची पुस्तिका यात्रेकरूंच्या निरनिराळ्या भाषांत, त्यांत मराठीतही, सिद्ध व्हावी. वस्तू मिळाल्याचे ठिकाण दर्शविणारा शहराचा नकाशा तिच्यात अवश्य असावा, म्हणजे सकाळी ज्या घाटावर स्नान केले त्याच्या उत्तरेस राजघाट कोठे आहे, हे यात्रेकरूला दुपारी कळेल. मराठी मजकुराचे काम पत्करण्यास येथील अभ्यासक आनंदाने पुढे येतील. आपली अनुज्ञा मात्र हवी.

आपला नम्र,
एक महाराष्ट्रीय कलाप्रेमी